नमू, आधी डाळ शिजायला टाक

नमू, आधी तूरडाळीचा डबा खाली काढ आणि कुकर लाव. तुझ्या एका रिपोर्टपायी अख्ख्या घराचं वरण बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, मटकीची उसळसुद्धा बंद! अजितराव बिचारे दुधीवर दुधी खाताहेत आणि तुझ्या धाकाने बोलत नाहीत. सासूबाई अंडं खात नाहीत, मासळी खात नाहीत. त्यांची डाळही काढून घेतलीस तर त्यांनी प्रथिनं आणायची कुठून?

रिपोर्ट मी नीट पाहिला. युरिक ॲसिड ६.९ आणि पुढे ठळक अक्षरांत 'हाय'. ते 'हाय' छापणारं यंत्र रोज माझ्या टेबलाशेजारी चालतं, त्यामुळे मला त्याचा धाक राहिलेला नाही. बायकांसाठी वरची मर्यादा ६, पुरुषांसाठी ७, असं त्याला साधारण सांगून ठेवलेलं असतं. हाच आकडा अजितरावांच्या रिपोर्टवर असता तर बारीक अक्षरांत निमूट छापला गेला असता. नमू कोण, तिचा पायाचा अंगठा कधी सुजला का, तिला कधी मूतखडा झाला का, हे यंत्राला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि दोन्हीचं उत्तर 'नाही' आहे. मग तू नक्की कसला इलाज करते आहेस? साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय नुसतं.

आणि भिशीतल्या मैत्रिणीने दिलेली ती युरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅटची पट्टी? तिला कसा गुण आला ते तिचं तिला लखलाभ. तू ती गोळी घेऊ नकोस. मी 'नको' म्हटलं की तू 'का' विचारणारच, लहानपणापासूनची खोड आहे. म्हणून आता सगळं सांगते.

आपल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. मेलेल्या पेशींतल्या डीएनएमध्ये प्युरीन नावाची द्रव्यं असतात, त्यांची विल्हेवाट लावावी लागते. शेवटच्या दोन पायऱ्या एकच एन्झाइम करतं, झँथीन ऑक्सिडेज त्याचं नाव. हायपोझँथीनचं झँथीन करायचं आणि झँथीनचं युरिक ॲसिड. हे एन्झाइम मुख्यतः यकृतात आणि आतड्यात असतं. गंमत म्हणजे ते दुधातही भरपूर असतं. १९०२ मध्ये शार्डिंगर नावाच्या शास्त्रज्ञाला ते गाईच्या दुधातच सापडलं. दूध तापवलं की ते निकामी होतं, त्यामुळे दूध कच्चं आहे की तापवलेलं, हे ओळखायला एके काळी त्याचा उपयोग करत. प्रयोगशाळांना संशोधनासाठी हे एन्झाइम अजूनही बहुतेक दुधातूनच काढून मिळतं.

बहुतेक सस्तन प्राणी यापुढे आणखी एक पायरी उतरतात. त्यांच्याकडे युरिकेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं, ते युरिक ॲसिडचं सहज विरघळणारं अलँटॉइन करून टाकतं. आपल्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून आपल्या रक्तात युरिक ॲसिड साठून राहतं. दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यातून. मूत्रपिंडांनी टाकायला आळस केला की आकडा चढतो. लोक समजतात की खाण्यामुळे चढतो, पण बहुतेकांच्या बाबतीत खरी गोची बाहेर टाकण्याचीच असते. तू ताटातून डाळ काढलीस, तरी तुझ्या पेशी काही मरायच्या थांबणार नाहीत.

आता डाळीचंही एकदा ऐक. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांचं खाणंपिणं बारा वर्षं टिपून ठेवलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा रोग, जास्त झाला. प्युरीन असलेल्या भाज्या, डाळी-शेंगा जास्त खाणाऱ्यांना तो जास्त झाला नाही. दूध-दही खाणाऱ्यांना तर कमीच झाला. म्हणजे तू बंद केलेलं सगळं निर्दोष, आणि रविवारची कलेजी, सुकट नि तळलेली मांदेली मात्र तुझ्याकडे राजरोस चालू! पालकाचं बालंट तर वेगळ्याच खड्यांचं आहे, ऑक्झलेटच्या. लोकांनी दोन्ही एकत्र कालवून ठेवलंय. बियर हे एक कारण आहे, ते तुला लागू नाही. साखरेची थंड पेयं लागू आहेत. फ्रुक्टोज यकृतात शिरलं की पेशीतली एटीपी भराभर खर्ची पडते आणि तिचा चुरा शेवटी याच एन्झाइमच्या वाटेने युरिक ॲसिड होऊन बाहेर पडतो. बंद करायचंच असेल तर फ्रिजच्या दारातली ती दोन लिटरची बाटली बंद कर.

या आकड्याची किंमत मी कमी करते आहे असं समजू नकोस. निशाणी म्हणून युरिक ॲसिड फार जुनं आहे. शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ते मूतखड्यातून वेगळं केलं. लंडनच्या गॅरॉड नावाच्या डॉक्टरने १८४८ मध्ये दाखवलं की गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात ते वाढलेलं असतं. त्याची तपासणी तर मला फार आवडते. बशीत रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, घ्यायचं, थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, त्यात एक दोरा टाकायचा आणि ठेवून द्यायचं. युरिक ॲसिड जास्त असेल तर दोऱ्यावर स्फटिक धरतात. ना यंत्र, ना बारकोड. रक्तातली एखादी गोष्ट मोजून रोग ओळखायच्या अगदी पहिल्या पद्धतींत ती मोडते.

आणि याच एन्झाइमवर औषध कसं आलं, ती गोष्ट तर प्रत्येक मुलीला सांगावी अशी आहे. गर्ट्रूड एलियन. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधून रसायनशास्त्रात पदवी घेतली, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी घेईना. मग शाळेत शिकवलं. पुढे एका किराणा कंपनीत लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनेजच्या अंड्याचा रंग तपासायचं काम केलं. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्जच्या हाताखाली लागली. संध्याकाळच्या वर्गात पीएचडी चालू केली होती, पण नोकरी सोडून पूर्णवेळ या म्हणाले, तर तिने पीएचडीच सोडली. त्या दोघांनी ल्युकेमियावर ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध काढलं. आता अडचण अशी की झँथीन ऑक्सिडेज हे औषधही मोडून टाकत होतं. एन्झाइमला थोपवलं तर औषध जास्त टिकेल, या विचाराने त्यांनी ॲलोप्युरिनॉल घेतलं. ते दिसायला अगदी हायपोझँथीनसारखं. एन्झाइम त्याला आपलंच खाद्य समजून घेतं, त्याचं ऑक्सिप्युरिनॉल करतं, आणि ते मग एन्झाइमलाच चिकटून बसतं. ड्यूक विद्यापीठात ल्युकेमियाच्या रोग्यांना ते देऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांचं युरिक ॲसिड धाडकन उतरलंय. शोधत होते कर्करोगाला मदतनीस, हाती लागलं गाऊटचं औषध. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९८८ चं नोबेल एलियन आणि हिचिंग्ज यांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. पीएचडी नसलेल्या बाईला!

म्हणजे बघ, एकच एन्झाइम. त्याने केलेलं रसायन रोगाची खूण, आणि ते एन्झाइम स्वतः औषधाचं लक्ष्य. इतकं सरळ जुळलं की लोकांना मोह झाला. हृदयविकाराच्या रोग्यांत युरिक ॲसिड जास्त सापडतं. किडनीच्या रोग्यांत जास्त, रक्तदाबात जास्त, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत जास्त. मग ते उतरवा, सगळंच बरं होईल! वर्षानुवर्षं हा तर्क चालला. आणि तुझ्या मैत्रिणीच्या डोक्यातही, तिला ठाऊक नसलं तरी, हाच तर्क आहे.

पण बेडूक ओरडतात म्हणून पाऊस पडत नाही. बेडकाचं तोंड दाबलं तर पाऊस थांबत नाही.

हे नुसतं बोलून भागत नाही, करून पाहावं लागतं, आणि लोकांनी ते केलं. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या पण गाऊट नसलेल्या ५,७०० हून जास्त लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला नेहमीच्या उपचारांवर ॲलोप्युरिनॉल, दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. जवळजवळ पाच वर्षं पाहिलं. हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे दोन्ही गटांत सारखंच, साधारण ११ टक्के. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. किडनीचंही तसंच. टाइप १ मधुमेहाच्या ५३० रोग्यांवर तीन वर्षं प्रयोग झाला. गोळीने युरिक ॲसिड ६.१ वरून ३.९ वर आलं, म्हणजे गोळीने आपलं काम चोख केलं. पण किडनीची घसरण गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखीच राहिली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका प्रयोगाचंही उत्तर तेच, आणि किडनीचे हे दोन्ही प्रयोग २०२० मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. मला तर हे निकाल आवडतात. एवढा पैसा, एवढी वर्षं घालून 'उपयोग नाही' असं स्पष्ट सांगायला धैर्य लागतं.

मग त्या रोगांत युरिक ॲसिड वाढतं कशाला? अगं, किडनी थकली की ती युरिक ॲसिड टाकत नाही. इन्सुलिन शरीरात जास्त फिरायला लागलं की किडनी युरिक ॲसिड परत आत ओढते. युरिक ॲसिड या गोष्टींची वर्दी देतं. वर्दी देणाऱ्याला गप्प केलं की घर सुरक्षित झालं, असं होत नाही.

आणि वर्दीच म्हणायची, तर तुझ्याच रिपोर्टमध्ये, त्याच पानावर, दोन ओळी वर काय लिहिलंय ते वाचलंस का? तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१. हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, नमू. त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. ६.९ ने तुझी झोप उडवली आणि ६.१ कडे तू पाहिलंही नाहीस! रोजचं चालणं, वजन थोडं उतरवणं, रात्री उशिराचा भात आणि ती बाटली कमी करणं, याने ६.१ खाली येईल आणि त्याच्या मागोमाग ६.९ सुद्धा. मला काळजी लागली आहे ती त्या साखरेची.

आणखी एक गोष्ट, जी तुला डॉक्टर सांगत नाहीत कारण तू विचारत नाहीस. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं. पाळी जायला लागली की ती मदत आटते आणि आकडा चढतो. बायकांना पाळी जाईपर्यंत गाऊट होत नाही, हे ग्रीसच्या हिपोक्रेटिसने पार दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तुझी पाळी वर्षभर मागेपुढे होतेय. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा ताडून बघत बसू नकोस, तुझं शरीरच आता वेगळं चाललंय.

आता आपल्या बाळूबद्दल, कारण तुम्ही दोघं एकमेकांना फोन करून एकमेकांचा घोळ वाढवता.

बाळूचं दुखणं खरं आहे. त्याचा अंगठा मध्यरात्री टोमॅटोसारखा लाल होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, आणि वर्षात असं तीनदा झालंय. युरिक ॲसिड रक्तात साधारण ६.८ च्या पुढे गेलं की विरघळून राहू शकत नाही आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक धरू शकतात. पायाचा अंगठा अंगापेक्षा थंड असतो, म्हणून तिथे आधी. त्याच्या बाबतीत युरिक ॲसिड नुसती वर्दी नाही, तेच कारण आहे, आणि झँथीन ऑक्सिडेज थोपवणं हा खरा इलाज. म्हणून त्याच्या डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलं ते बरोबर दिलं. आणि बाळूने काय केलं? गोळी सुरू झाल्यावर महिन्याच्या आत अंगठा पुन्हा सुजला, म्हणून 'गोळी उलटली' म्हणत बंद केली. त्यात तू त्याला म्हणालीस, 'बघ, मी तरी नुसतं पथ्यावर आहे.'

अगं, आकडा उतरायला लागला की जुने स्फटिक विरघळू लागतात, हलतात, आणि सुरुवातीला गाऊटचा झटका येऊ शकतो. ते अपेक्षितच असतं. म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची छोटी मात्रा देतात. त्याने ती चिठ्ठीवर लिहिलेली असूनही घेतली नव्हती, मी विचारलं तेव्हा कळलं. गोळी १०० मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमीने सुरू करून, रक्त तपासत, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवायची असते. बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा नॉर्मलही येतो, त्यामुळे 'आता नॉर्मल आलंय' या त्याच्या युक्तिवादात दम नाही. शंका असलीच तर सांध्यातलं पाणी काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली सुया पाहता येतात. ती खूण खोटं बोलत नाही.

एकच गोष्ट त्याला बजावून सांग, मीही सांगणार आहे. ॲलोप्युरिनॉलच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर गोळी तिथल्या तिथे थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आग्नेय आशियातल्या लोकांत याचा धोका वाढवणारा एक जनुक जास्त आढळतो, तिथे आधी त्याची तपासणी करतात.

फेबुक्सोस्टॅटही याच एन्झाइमला थोपवतं, फक्त वेगळ्या पद्धतीने. गाऊट आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांच्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात त्यावर हृदयविकाराचे मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा थोडे जास्त दिसले, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापला गेला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या प्रयोगात तसं दिसलं नाही. वाद अजून मिटलेला नाही. गाऊटवाल्याने डॉक्टरशी बोलून ती घ्यावी, त्यात वावगं काही नाही. पण अंगठा धड असताना, भिशीतून आलेली? अमेरिकेतली संधिवाताच्या डॉक्टरांची संस्थाही २०२० पासून सांगते की लक्षणं नसताना नुसत्या आकड्यासाठी ही औषधं सहसा सुरू करू नयेत.

ती पट्टी घरात ठेवूही नकोस, कारण शुभाताई दिवाळीला तुझ्याकडे यायची आहे. तिला ल्युपससाठी ॲझाथायोप्रीन चालू आहे. ॲझाथायोप्रीन शरीरात गेलं की त्याचं तेच ६-मर्कॅप्टोप्युरीन होतं, एलियनवालं. एन्झाइम थोपवलं की ते मोडलं जात नाही, साठत जातं आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवरच घाला घालतं. एलियनला जे हवं होतं तेच इथे घात करतं. तिचा सांधा दुखला आणि तू मायेने 'ही घे' म्हणालीस तर केवढ्याला पडेल! ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट, दोन्ही गोळ्या ॲझाथायोप्रीनसोबत तितक्याच वाईट.

काही औषधंही आकडा चढवतात हे लक्षात ठेव. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांतलं पायराझिनामाइड तर हमखास. तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलाला ते चालू आहे ना? त्याचे सांधे दुखत असतील तर मावशींना सांग, केंद्रावर जाऊन सांगू दे, पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त पातळ करायची छोटी ॲस्पिरिनही थोडा आकडा चढवते. आणि लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्याही.

तुझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव मला फोनवर तू अर्धवटच सांगितलंस. बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एक 'एच' असतो. तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा, आणि ते युरिक ॲसिड अडवून ठेवतं. तसं निघालं तर डॉक्टरांना विचार की लोसार्टान चालेल का, ते उलट थोडं बाहेर टाकतं. स्वतः बदलू नकोस मात्र. क्रिएटिनिन तुझं ०.८ आहे, किडनीची चिंता नाही. आज रात्री गोळीच्या पट्टीचा फोटो पाठव, मागच्या बाजूचा, जिथे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात.